रातपाळीवाल्याला उठवू नये

केसरीनाथ भोईरला सिंगापूरची किळस आली ती तिथल्या स्वच्छतेपासून. जगातल्या इतर माणसांना घाणीची किळस येते. भिवंडीतल्या कामतघरच्या ह्या लूममालकाचं सगळं उफराटंच. विमानतळावरून बस निघाली तेव्हा त्याच्या गालात तंबाखूची गोळी होती, आणि गाईडबाई हिंदीतून सांगत होती की इथे रस्त्यावर थुंकलं की दंड, कागद टाकला की दंड. केसरीनाथनं खिडकीतून बाहेर पाहिलं. थुंकावं असा एक कोपरा त्या रस्त्याला नव्हता. शेवटी त्यानं ती गोळी गिळली, संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसला, आणि तेव्हापासून त्या देशाशी त्याचं जे वाकडं आलं ते पुन्हा सरळ झालं नाही.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालच्या माघातली. सूत विकणाऱ्या एका कंपनीनं भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडच्या आपल्या बड्या गिऱ्हाइकांना परदेश दाखवून आणायचं काढलं होतं. केसरीनाथ आधी नाहीच म्हणत होता. पण मुलगा हिरामण, जो मुलुंडला ब्लॉक घेऊन राहत होता आणि एखाद्या रविवारी बापाला तोंड दाखवून जायचा, म्हणाला की आई गेल्यापासून एकटेच बसून असता, जाऊन या. ह्या 'एकटे'चा केसरीनाथला असा राग आला की त्या रागातच त्यानं पासपोर्टाचे फोटो काढले. एकटा कोण? कामतघरात घराबाहेर पडलं की दहा जणांचे धक्के खाल्ल्याशिवाय धामणकर नाक्यापर्यंत पोचता येत नाही. शेडमध्ये कापड विणणारे लूम, शेडमागे चाळ, चाळीत कारागीर, बंगल्यात स्वयंपाकाला गोदू. एकटं पडणं हे मुलुंडच्या लोकांचं खूळ, असं त्याचं मत होतं. बायको पुतळाबाई जाऊन दोन दिवाळ्या झाल्या होत्या आणि तेव्हापासून तो रात्री रेडिओ चालू ठेवूनच झोपायचा, ही गोष्ट वेगळी.

जायच्या आदल्या दिवशी लडकू भेटायला आला. लडकू हा शेडमधला सगळ्यात जुना कारागीर, वज्रेश्वरीच्या पलीकडच्या गावातला कुणबी. केसरीनाथनं पत्र्याखाली पहिले दोन लूम टाकले तेव्हा एकावर तो स्वतः उभा राहायचा आणि दुसऱ्यावर लडकू. एका ताटात सुकट-भाकर खायचे. चैत्रात एसटीनं वज्रेश्वरीच्या जत्रेला जायचे आणि गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून एकमेकांच्या आयुष्याची टिंगल करत बसायचे. रात्री लडकू भोईरांच्या ओट्यावरच झोपायचा. मग पैसा आला, बंगला आला, बंगल्याला मोझॅकची फरशी आली आणि फरशीवर सून आली. सूनबाई मैना म्हणाली, बाहेरचं माणूस दारात झोपलेलं बरं दिसत नाही. केसरीनाथ लडकूला म्हणाला, फरशी सुकेपर्यंत चाळीत झोप. फरशी सुकली, घासून गुळगुळीत झाली, सून नवऱ्याला घेऊन मुलुंडला गेली, आणि लडकू चाळीतच राहिला. दोघांपैकी कुणीच पुन्हा तो विषय काढला नाही.

ती चाळ म्हणजे काय ते भिवंडीकराला सांगायला नको, पण बाहेरच्याला सांगितलंच पाहिजे. खोलीत अंथरुणं सहा आणि माणसं बारा. सकाळी भोंगा झाला की दिवसपाळीवाला उठून लूमवर जातो आणि त्याच्या अंगाच्या उबेनं गरम असलेल्या वळकटीवर रातपाळीवाला येऊन पडतो. संध्याकाळी उलट. एका अंथरुणाचे दोन धनी वर्षानुवर्षं एकमेकांना दारात ओझरते पाहतात, तेवढीच ओळख. लडकू रातपाळीला असायचा, आणि त्याच्या वळकटीचा दिवसपाळीचा धनी रामअवध नावाचा भैय्या होता. त्याला लडकूचं नाव ठाऊक नव्हतं, तो त्याला चाचा म्हणायचा.

आणि चाळीत एक नियम होता, खुद्द केसरीनाथनं घातलेला. रातपाळीवाल्याला उठवू नये. पूर्वी कधी तरी एकाला भर दुपारी कुणीतरी पत्त्याच्या डावासाठी उठवलं होतं; तो रात्री लूमवर पेंगला आणि दोन बोटं गमावून गावी गेला. त्या दिवशी केसरीनाथनं चाळीसमोर उभं राहून जाहीर केलं होतं की ह्यापुढे झोपलेल्या रातपाळीवाल्याला बाप मेला तरी कुणी हात लावायचा नाही, लावील त्याला हाकलून देईन. नियम चांगला होता. बारा जणांच्या खोलीत झोपलेल्या माणसाला तेवढीच एक इस्टेट होती. माश्या आणि उजेड नको म्हणून डोक्यावरून पायापर्यंत चादर ओढून ते पडून राहायचे, आणि जागे असलेले त्यांना ओलांडून जायचे.

तर लडकू आला, पायरीवरच बसला. आत ये म्हटलं तरी फरशीवर पाय ठेवायला तो कचरायचा. छातीवर डावीकडं चमक मारते म्हणाला. केसरीनाथ म्हणाला, तिकडं वाघाच्या चित्राचा मलम मिळतो, सगळ्या जगाची दुखणी त्यानं पळतात, तो आणतो तुला. लडकू हसला आणि म्हणाला, "मलम आना दादा. पर आल्याव मला बिल्डिंगा नका सांगू. तितली मानसं कशी हाईत ते सांगा."

तिथली माणसं! ती शोधायची कुठं हाच केसरीनाथपुढे प्रश्न पडला. देश केवढा, तर सकाळी एका टोकाला चहा घेतला आणि लघवीला दुसऱ्या टोकाला उतरलं. तेवढ्यात त्यांना काय काय दाखवलं. धड माशाचं आणि तोंड सिंहाचं असा एक पांढरा पुतळा समुद्राकाठी बसून सारखं पाणी ओकत होता, आणि त्या ओकाऱ्या काढणाऱ्या जनावराबरोबर फोटो काढायला लोकांची रांग होती. एक बाग होती, तिच्यात फुलंच फुलं, एकालाही वास नाही. पक्ष्यांच्या बागेत पोपटासमोर त्याच्या नावाची पाटी होती. माणसाच्या दारावर मात्र नुसता आकडा. तारेवरून लोंबकळणाऱ्या पेटीत बसवून त्यांना एका बेटावर नेलं, तिथं पाहण्यासारखं काय, तर जिथून आलो तो किनारा. बरोबरचे सूतवाले शेट लोक ह्या सगळ्यावर वा वा करत होते, नायलॉनच्या साड्या आणि टेपरेकॉर्डर घेत होते, आणि हॉटेलात परतलं की आपापल्या खोलीचं दार लावून घेत होते. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, ही म्हणे कंपनीची मेहेरबानी. केसरीनाथला त्या खोलीत झोप येईना. भिंतीपलीकडे लूमची खटखट नाही, गल्लीत भांडण नाही, कुत्रं नाही. गादी इतकी पांढरी की तिच्यावर अंग टाकायची शिसारी यावी. दवाखान्यात मेल्यावर ठेवतात तसं वाटतं, असं त्यानं मालेगावच्या एका शेटला सांगितलं. शेट म्हणाला, भोईरशेट, तुमचं आपलं काहीतरीच.

परतीच्या आदल्या दिवशी गाईडबाईनं त्यांना सरकारी इमारती दाखवायला नेलं. तिचा तो मोठा अभिमानाचा विषय होता. झोपड्या पाडल्या, सगळ्यांना पक्की घरं दिली, वर जायला लिफ्ट, खाली फिरायला मोकळी जागा. केसरीनाथ मान वर करून बघत राहिला. एकावर एक दारं, सगळी एका रंगाची, सगळी बंद. खाली मोकळ्या जागेत मात्र थोडी गर्दी दिसली. दोन पोलीस नाकाला रुमाल लावून उभे होते. जरा वेळानं चौघांनी काहीतरी गुंडाळलेलं लिफ्टमधून बाहेर आणलं आणि गाडीत सरकवलं. त्याबरोबर जो वास आला तो केसरीनाथनं ओळखला. भिवंडीच्या गटारात पोसलेलं नाक, त्याला मेलेल्याचा वास शिकवावा लागत नाही.

गाईडबाई सगळ्यांना बसकडे ढकलू लागली. केसरीनाथ हलला नाही. त्यानं तिच्याकडून वदवून घेतलं तेव्हा कळलं की वर एक म्हातारा एकटा राहत होता, दार आतून बंद, आठवडाभर कुणाला पत्ता नाही, वास सुटला तेव्हा दार फोडलं. शेजारची बाई तिथंच उभी होती. केसरीनाथनं गाईडकरवी तिला विचारलं, म्हाताऱ्याचं नाव काय? बाईनं खांदे उडवले आणि दाराचा आकडा सांगितला. वर हेही सांगितलं की तो फार चांगला शेजारी होता, त्याचा कधी आवाज आला नाही.

दुपारी जेवायला नेलं तिथं सगळ्यांनी ताटं चाटूनपुसून साफ केली. केसरीनाथला पाण्याचा घोटही जाईना. रात्री त्या पांढऱ्या गादीवर पडल्या पडल्या त्याला त्या बाईचा राग आला, देशाचा आला, आणि मग हळूच पोटात भीती शिरली. आपण इथं मेलो तर सकाळी चहावाला दार वाजवील तेव्हा कळेल. आणि घरी? घरी गोदू येते सकाळी. गोदू चार दिवस माहेरी गेली तर? मुलुंडवाले एखाद्या रविवारी येतात. रेडिओ चालू असेल, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटेल की भोईरशेट आत मजेत गाणी ऐकतोय. ह्या विचारासरशी तो उठून बसला. मग त्यानं ठरवलं की परत गेल्यावर पहिलं काम लडकूला घरी आणायचं. मागची खोली रिकामीच आहे. लोक म्हणतील, मालकानं कामगाराला घरात घेतला. म्हणोत. सून नाक मुरडील. मुरडू दे, तिचं नाक मुलुंडला आहे. ठरवलं आणि त्याला झोप लागली.

पण ठरवणं परदेशात सोपं असतं आणि कामतघरात अवघड. केसरीनाथ घरी पोचला त्या दिवशी बंगल्यात जत्रा भरली. लूमवाले आले, दलाल आले, भाऊबंद आले, परदेश पाहून आलेला माणूस पाहायला बायका आल्या. सगळ्यांना त्यानं एकच गोष्ट सांगितली, मेलेल्या म्हाताऱ्याची. सांगताना तो शेजारणीसारखे खांदे उडवून दाखवायचा. लोक च्यक च्यक करायचे. दुपारी तो नाक्यावरच्या हॉटेलात गेला, तिथंही तीच गोष्ट. म्हातारा सकाळी आठवडाभर मेलेला होता, संध्याकाळपर्यंत पंधरा दिवसांचा झाला. आणि प्रत्येक वेळी शेवट ठरलेला, की असली माणसं आपल्याकडं नाहीत, आपल्याकडं शेजारधर्म आहे. हे तो गटारावर टाकलेल्या फळीवर उभा राहून बोलत होता, आणि खरंच त्या दिवशी त्याला त्या गटाराचंही प्रेम आलं होतं.

मनातून मात्र तो वाट बघत होता. सगळं गाव येऊन गेलं, लडकू आला नाही. मालकानं आपण होऊन चाळीत जावं हे केसरीनाथच्या मिशीला पटेना. वाघाचा मलम खिशात ठेवून तो बसला, रात्र झाली, पाळी बदलली, लडकू परस्पर लूमवर गेला असणार. केसरीनाथ चिडून झोपला. रेडिओ रात्रभर गळा काढत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या थापता थापता गोदू सहज म्हणाली की काल दिवेलागणीला लडकू येऊन गेला. पायरीशी उभा राहिला, आत बुटांची रास बघितली आणि नंतर येईन म्हणून परत गेला. केसरीनाथनं तिला विचारलं, मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, तुम्ही त्या मेलेल्या म्हाताऱ्याचं सांगत होता, मध्ये कसं बोलू.

केसरीनाथचा राग निवळला. उलट त्याला बरं वाटलं, लाजही वाटली. त्यानं अंघोळ केली, नवा शर्ट घातला, मलमाची बाटली घेतली आणि बऱ्याच वर्षांनी स्वतःच्या चाळीची पायरी चढला. खोलीत शिरताच त्यानं नाक धरलं. घामाचा, तेलाचा, ओल्या चादरींचा आणि विड्यांचा वास एकमेकांत कालवला होता. भिंतीला पानाच्या पिचकाऱ्या. मोरीत उष्टी भांडी. आपण ह्याचं भाडं घेतो, हे त्याच्या मनात येऊन गेलं, पण थांबलं नाही. खाली सहा अंथरुणांवर सहा माणसं डोक्यावरून चादरी ओढून झोपली होती. पायाला गळू झालं म्हणून ड्युटीला न गेलेला एक पोरगेलासा तेलुगू आणि खाडा करून कपडे पिळणारा दुसराच एक भैय्या, एवढेच जागे होते. मालक आलेला बघून दोघं उभे राहिले. लडकू कुठला, असं त्यानं हळू आवाजात विचारलं. तेलुगूनं खिडकीखालच्या अंथरुणाकडे बोट दाखवलं.

केसरीनाथनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. रातपाळीवाल्याला उठवू नये. नियम ज्यानं घातला त्यानंच मोडला तर चाळीत उद्या कोण पाळील? तो लडकूच्या अंथरुणाच्या कडेला टेकला. उठेल आपण होऊन, तोवर बसू, असं म्हणून बसला. आणि बसला तसा त्याला राहवेना. त्यानं त्या दोघांना गोष्ट सांगायला घेतली. झोपलेल्यांची झोप मोडू नये म्हणून कुजबुजत सांगितली. बंद दारं, नाकाला रुमाल, खांदे उडवणारी बाई. भैय्याला पुरती कळली नाही, पण तो मालकासाठी मान हलवत होता.

"नाव ठाव नाय त्या बयेला," केसरीनाथ म्हणाला. "भिंतीला भिंत लागलेली, आन् मानूस सरला त्याचा पत्ता नाय. थू त्यांच्या बिल्डिंगांवर. आपल्याकडं मानूस शिंकला तरी चाळीस जनं इचारतात."

बोलता बोलता हात मागे टेकला तो चादरीबाहेर आलेल्या पावलावर. पाऊल गार होतं. केसरीनाथला त्यात काही वाटलं नाही. रात्रभर सिमेंटवर उभं राहणाऱ्याचे पाय माघात गारच असतात, त्याचे स्वतःचेही असायचे. त्यानं मायेनं चादर ओढून ते पाऊल झाकलं. चादरीवर माश्या बसल्या होत्या, त्या हातानं वारल्या. मग मलमाची बाटली उशाशी ठेवली, उठल्यावर घरी ये म्हणावं असं तेलुगूला बजावलं, आणि चपला हातात घेऊन, आवाज न करता, बाहेर पडला.

दुपार त्यानं मोठ्या उत्साहात काढली. मागची खोली गोदूकडून झाडून घेतली. माळ्यावरची खाट काढली, तिच्या पट्ट्या आवळल्या. लडकूला निवटे मासे आवडतात म्हणून खाडीवरून निवटे मागवले, आणि गोदूला सांगून झणझणीत कालवण करवलं. त्या खोलीतल्या खुंटीवर पुतळाबाईच्या जपमाळेचा बटवा होता तो काढून देव्हाऱ्यात ठेवला. काय बोलायचं तेही त्यानं ठरवलं. फरशी सुकली रे लडक्या, असं म्हणायचं, एवढंच. लडकू समजेल.

संध्याकाळचा भोंगा झाला. केसरीनाथ पायरीवर येऊन बसला. जरा वेळानं गल्लीच्या तोंडाशी माणूस दिसला, पण तो लडकू नव्हता, नामा मुकादम होता. नामा म्हणाला, लडकूचा लूम बंद आहे, रामअवध पाळी संपवून झोपायला गेलाय, त्याला अंथरुण मिळत नाही. केसरीनाथनं लडकूला एक अस्सल शिवी दिली. आजच्या दिवस झोपू दे म्हणाला, मी खाडा मांडणार नाही. नामा हलला नाही. चपलेनं माती उकरत उभा राहिला आणि मग म्हणाला, "शेट, तो उठंल असा दिसत न्हाय. तुमी चला."

खोलीत आता सगळे जागे होते आणि भिंतीला चिकटून उभे होते. चादर कमरेपर्यंत ओढलेली होती. लडकूचं तोंड जरासं उघडं होतं, उजवा हात छातीवर आवळलेला. उशाशी वाघाचा मलम तसाच. रामअवध पुन्हा पुन्हा तेच सांगत होता.

"हम तो समझे सो रहा है, मालिक. रोज शाम को चादर खींचते हैं तो चाचा गाली देता है. आज गाली नहीं दिया."

डॉक्टर आला. सकाळी अंग टाकल्यावर थोड्याच वेळात गेला असेल, असं म्हणाला. म्हणजे दिवसभर. म्हणजे चहा झाले, अंघोळी झाल्या, कपडे पिळून झाले, जेवणं झाली, विड्या झाल्या, आणि त्याला ओलांडून माणसं मोरीकडे जात-येत राहिली. आणि मालक येऊन त्याच्या अंथरुणावर बसून गेला. ज्या तळहाताखाली ते पाऊल आलं होतं तो हात केसरीनाथनं धोतराला पुसला, आणि पुसला म्हणून त्याला स्वतःचा इतका तिटकारा आला की तोच हात तोंडात घालून तो चावला. डॉक्टरनं नाव विचारलं तेव्हा खोलीतली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. कुणी चाचा म्हणालं, कुणी खिडकीवाला म्हणालं. नाव, बापाचं नाव, गाव, सगळं केसरीनाथनं सांगितलं. दुसरं कुणी सांगणारंच नव्हतं.

सकाळी लडकूची लेक तुळजा गावाकडून आली. ओरडली नाही, ऊर बडवला नाही. बापाजवळ बसून तिनं त्याचं तोंड पुसलं, त्या उघड्या ओठांकडे बघितलं आणि मान वर करून उभ्या माणसांना विचारलं, "माज्या बापाच्या तोंडात पानी कोनी घातलं?"

दाराशी पिण्याच्या पाण्याचं पिंप भरलेलं होतं. त्याच्यावर पेला उपडा होता. तिनं प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेवटी केसरीनाथच्या. त्याला सिंगापूरची ती बाई आठवली. त्या बाईनं निदान खांदे तरी उडवले होते. केसरीनाथला तेही जमेना. तुळजा उठली, स्वतः पेला भरून आणला आणि बापाच्या ओठांवर पाणी सोडलं. ते आत गेलं नाही, गालावरून उशीवर ओघळलं.

खाडीवरच्या स्मशानात सगळं आटोपून केसरीनाथ घरी आला तेव्हा गोदूनं कालवणाचं काय करू म्हणून विचारलं. ते आदल्या दिवसाचं, झाकून ठेवलेलं, आंबलं होतं. त्यानं पातेलं उचललं आणि गटारात ओतलं. मागच्या खोलीत खाट होती, तिकडे त्यानं पाहिलं नाही. गोदू दारात घुटमळली आणि म्हणाली, त्या दिवशी लडकू पायरीशी उभा होता ना, तेव्हा छाती धरूनच होता. मग म्हणाली, मला वाटलं दमलाय. केसरीनाथनं रिकामं पातेलं तिच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी लोक समाचाराला आले तेव्हा कुणीतरी सिंगापूरचं विचारलं. केसरीनाथ उठला आणि लोकांना बसलेलं सोडून चाळीकडे निघाला. का निघाला ते त्याला सांगता आलं नसतं. लडकूचं अंथरुण गुंडाळून घरी आणावं, असं काहीतरी मनात होतं. खोलीत शिरला आणि थबकला. खिडकीखालचं अंथरुण रिकामं नव्हतं. त्यावर कुणीतरी डोक्यावरून चादर ओढून पडलं होतं, अगदी तसंच, तेवढंच लांब. नामानं रिकामा लूम एक रात्र तरी का ठेवावा? माणूस लागला होता, माणसाला अंथरुण लागलं होतं. रामअवध दिवसा कामावर, लडकूच्या जागेवर नवा धनी. आणि सगळ्या खोलीत, घाम नि विड्यांच्या वर, वाघाच्या मलमाचा झणझणीत वास पसरला होता. बाटली उशाशी उघडीच होती, निम्मी संपलेली.

परदेशी गिळलेली ती तंबाखूची गोळीच जणू आज केसरीनाथच्या तोंडाशी येत होती. तो पुढे झाला, वाकला आणि चादरीला हात घातला. खोलीतल्या जाग्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ऊठ," तो म्हणाला.

हालचाल नाही. त्यानं खांदा धरून गदागदा हलवलं. "ऊठ रं. डोलं उघड. नाव काय तुझा?"

चादरीतून एक अनोळखी तोंड बाहेर आलं, झोपेनं सुजलेलं, संतापलेलं. त्या माणसानं समोरच्या म्हाताऱ्याकडे किळस आल्यासारखं पाहिलं. हा कोण ते त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

"रातपाली है, बुढऊ. सोने दो," तो म्हणाला. "मालिक का हुकुम है, रातपालीवाले को उठाने का नहीं."

आणि त्यानं चादर पुन्हा तोंडावर ओढून घेतली. केसरीनाथनं ती परत खेचली.